डावा हात

"आबाजी, दबकत. दबकत चालवा तिले. पळवू नोका."

अनुप हे इतक्या हळू बोलला, जणू पडद्यावरच्या त्या लांबड्या प्राण्याला त्याचाही आवाज ऐकू गेला असता. पुंजाजींनी श्वास रोखला. त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली एक छोटी गोल बोंडी होती. ती किंचित रेटली की पडद्यावरची पोरगी दबक्या पावलांनी चालायची, जास्त रेटली की धावत सुटायची. धावली की पाय वाजायचे, पाय वाजले की तो प्राणी यायचा आणि तो आला की खेळ खलास. त्याला डोळे नव्हते. नुसते कान होते आणि गुडघ्याखाली लोंबणारे हात. पुंजाजींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव लांब्या ठेवून टाकलं होतं.

"फिरला का तो तिकडं तोंड करून?"

"फिरला. चाला आता. मी बॅटरी बंद करतो."

पोरगी अंधाऱ्या हॉटेलातल्या ओल्या गालिच्यावरून, भिंतीला चिकटून, लांब्याच्या पाठीमागून सरकत गेली आणि कंदिलाच्या खोलीत शिरली. या खोलीत लांब्या येत नसे. तिथं जुन्या रेडिओवर कसलीशी संथ धून चालू असे आणि तिथंच तोवरचा खेळ जपून ठेवता येई. दोघांनी एकदमच श्वास सोडला. पलीकडच्या खाटेवरच्या शेषरावांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि कुरकुर केली, की यांच्या त्या भुतामुळं इथं बीपी माझं वाढतं आणि सिस्टर बोलणी मला बसवते.

हे चाललं होतं वाशिमच्या एका दवाखान्यात, डायलिसिसच्या हॉलमध्ये, भर दुपारी. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ही या मंडळींची पाळी. रक्त नळीतून बाहेर जायचं, मशीनमधून धुऊन निघायचं आणि दुसऱ्या नळीतून परत यायचं. तोवर छताकडं बघत पडून राहायचं. छत तरी किती बघणार माणूस?

पुंजाजी अनसिंगचे. उभा जन्म एसटीत ड्रायव्हर म्हणून गेला. सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. गाडी आगारातून काढली आणि संध्याकाळी आगारात आणून लावली, असंच आयुष्य. एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. कंडक्टरनं डबल घंटी दिली तरी आरशात मागं बघितल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही. दारात लोंबकळणारं पोर, चढता चढता पिशवी सावरणारी म्हातारी, सगळं बघून मगच गिअर टाकायचे. कंडक्टर वैतागायचे. पुंजाजी म्हणायचे, वैतागा, पण गाडी माझ्या हातात आहे.

निवृत्तीनंतर किडन्या गेल्या. डायलिसिससाठी मनगटापाशी शिरा जोडतात, ती जोडणी आधी त्यांच्या डाव्या हातात केली. ती बंद पडली, म्हणून मग उजव्या हातात केली. त्यामुळं सुया टोचल्या की उजवा हात ओंडक्यासारखा निश्चल ठेवायचा आणि डावा तेवढा मोकळा. त्यांच्या डावीकडच्या खाटेवर गेल्या हिवाळ्यात हा अनुप आला. किन्हीराजाचा, पंचविशीतला, हडकुळा, डोळ्यांखाली सूज. त्याची जोडणी डाव्या हातात होती. त्याचा उजवा मोकळा.

पुण्याकडं एका कंपनीत लागलेला हा मुलगा आजारपण घेऊन घरी परतला, तेव्हा खोलीवरच्या पोरांनी मिळून त्याला हातात धरून खेळायचा एक गेम भेट दिला होता. मधे पडदा आणि दोन्ही कडांना दोन तुकडे. डाव्या तुकड्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं, बॅटरी लावायची, दार उघडायचं. दोन हातांशिवाय खेळताच येणार नाही असं हे प्रकरण, आणि अनुपला पाळीच्या वेळी हात एकच. पहिले काही दिवस तो गेम नुसता छातीवर ठेवून पडून राहायचा. पुंजाजींनी एकदा विचारलं, की बिघडला का रे. त्यावर अनुपनं गेमचा डावा तुकडा खट्‌कन सरकवून वेगळा केला आणि दोन खाटांमधल्या बोळातून हात लांबवून पुंजाजींच्या मोकळ्या तळव्यावर ठेवला.

"आबाजी, तुमी चालवा. मी पाहतो."

"मी? मले काय येते त्यातलं?"

"गाडी चालवत होते ना? तसंच हाये. हीले फक्त हारन नाई."

तेव्हापासून दोघांचं मिळून एक माणूस झालं. रीता सिस्टर सुया टोचून झाल्या की औषधांचं स्टूल दोन खाटांच्या मधे ओढून त्यावर पडदा उभा करून द्यायची. वरवर रागवायची, पण पडदा रोज तीच पुसायची. पुंजाजी चालवायचे, अनुप बघायचा. सुरुवातीला पोरगी भिंतीवर धडकायची, जिन्यावरून कोसळायची, लांब्याच्या थेट कुशीत जायची. पण पुंजाजींच्या डाव्या हातात तीस-पस्तीस वर्षांचा गिअर मुरलेला होता. घाटात गाडी किती अलगद दुसऱ्यात घ्यायची हे त्या हाताला जसं कळायचं, तसंच बोंडी किती रेटायची हेही कळू लागलं. अनुप हरखून जायचा. त्याच्या खोलीवरच्या पोरांनाही हे जमलं नव्हतं म्हणे.

पोरगी तिच्या भावाला शोधत होती. त्या बुडीत गेलेल्या हॉटेलात तो कुठंतरी अडकला होता. बॅटरीचे सेल मोजके, पिस्तुलातल्या गोळ्या मोजक्या, मलमपट्टी एखादीच. काटकसर करत जायचं आणि कंदिलाची पुढची खोली गाठायची. असल्या काटकसरीचं या हॉलमध्ये कुणाला नवल नव्हतं. दिवसाचं पाणी बाटलीवर खूण करून पिणारी माणसं ती. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा गालात धरायचा. केळं बंद, नारळपाणी बंद आणि आंब्याचं तर नाव काढायचं नाही; त्यातलं पोटॅशियम रक्तात साचलं की हृदयच बंद पडतं. अनुपच्या आईची, बेबीताईची, किडनी त्याला जुळत होती, पण तपासणीत तिलाच साखर निघाली आणि ती वाट बंद झाली. आता यादीत नाव होतं. यादी पुढं सरकत नव्हती.

या हॉलचा एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण नव्या माणसालाही आठवड्याभरात समजायचा. एखादी खाट रिकामी दिसली की विचारायचं नाही. मार्चमध्ये एका गुरुवारी शेषरावांच्या खाटेवर मालेगावची एक बाई होती. पेपर तसाच खिडकीत पडलेला होता. अनुपनं पुंजाजींकडं बघितलं, पुंजाजींनी छताकडं बघितलं. त्या दिवशी पोरगी फार वेळ कंदिलाच्या खोलीतच बसून राहिली. दोघांनाही बाहेर जाववलं नाही.

मे महिन्याच्या एका शनिवारी ते शेवटच्या दारापाशी पोचले. लोखंडी दार, वर लाल दिवा. पलीकडून कुणीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. अनुपच्या मते तो पोरीचा भाऊ. पुंजाजींच्या मते लांब्याचा काहीतरी डाव. वाद रंगला, आणि नेमकी तेव्हाच मशीनची शिटी वाजली. पाळी संपली. रीता सिस्टर कापूस घेऊन हजर झाली आणि पुंजाजींनी खेळ कंदिलाच्या खोलीत नेऊन जपून ठेवायला लावला.

अडचण अशी होती, की येत्या मंगळवारी पुंजाजींच्या नातीचं, पिंकीचं, साक्षगंध होतं, साखरपुडाच तो. मुलाकडचे लोक धनजहून येणार होते. पुंजाजींनी आधीच सिस्टरला गळ घालून, तोवर पाणी अर्ध्यावर आणायच्या अटीवर, आपली पाळी बुधवारी करून घेतली होती. हे ऐकून अनुपनंही बुधवार मागितला. रीता सिस्टरनं साफ नकार दिला. बुधवारी एकच खाट होती आणि ती पुंजाजींना दिली होती. शिवाय रविवार-सोमवारची सुट्टी झाल्यावर मंगळवार चुकवायचा नसतो, हे तिनं अनुपला कान धरावा तसं सुनावलं. अनुप हसला, बरं म्हणाला.

जिन्यापाशी निरोप घेताना पुंजाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी येईलोक दार उघडू नको, लेका."

"तुमच्या हाताबिगर उघडते तरी कशी, आबाजी?"

मंगळवारी अनसिंगला अंगणात मंडप पडला होता. पंचशील झालं, बुद्धवंदना झाली, पिंकी पिवळ्या साडीत लाजत बसली होती. पुंजाजी नवा सदरा घालून पाहुण्यांत मिरवत होते. आजारी माणूस म्हणून सगळे त्यांना हाताला धरून बसवत होते आणि त्यांनाही ते आवडत होतं. अशात त्यांचा फोन वाजला.

अनुप होता. साक्षगंध झालं का, विचारत होता. पुंजाजींनी होत असल्याचं सांगितलं आणि सवयीनं विचारलं, की तू वाशिमला निघालास का.

"नाई गेलो आज. उद्याच येतो, तुमच्यासंग."

"सिस्टर हो म्हने का?"

"समोर जाऊन उभा राह्यलो तं नाई म्हनून जाते कुठं?"

एवढ्यात कुणीतरी पुंजाजींना फोटोसाठी हाक मारली. मुलाचे वडील उभे राहून वाट बघत होते. पुंजाजी हसत हसत फोनमध्ये म्हणाले, "बरं, ये मंग."

त्यांनी फोन खिशात ठेवला. फोटो निघाला. फोटोत पुंजाजी फार छान आले आहेत.

पंगत बसताना त्यांच्या मनाला एकदा टोचलं. अजून दुपार होती, किन्हीराजाहून वाशिमची गाडी मिळाली असती, परत फोन लावून पोराला दटावावं असं वाटलं. पण वाढपी पुढ्यात येऊन उभा राहिला, व्याही आग्रह करू लागले आणि ते राहून गेलं. पोरगं तरणं आहे, एका दिवसानं काय होतं, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. समजूत काढावी लागली, यातच सगळं आलं. त्या हॉलमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, की एका दिवसानं काय होतं.

बुधवारी पुंजाजी वाशिमला गेले. खाट दुसरीच होती, शेजारी अनोळखी माणसं. दार करकरलं की ते मान वळवून बघत. शेवटी त्यांनी विचारलं, तेव्हा रीता सिस्टर फणकारली, की तुमचा दोस्त काल आलाच नाही, मी फोन लावून थकले, फोन बंद. तिचा आवाज रागाचा होता, पण सुई टोचून झाल्यावर तिनंही एकदा दाराकडं बघितलं. बुधवार झाल्यामुळं गुरुवारची पाळी नव्हती; शनिवारी पुंजाजी आपल्या नेहमीच्या खाटेवर आले. डावीकडच्या खाटेवर धुतलेली चादर होती आणि तिला एकही सुरकुती नव्हती.

त्यांनी विचारलं नाही. सिस्टरनंही सांगितलं नाही. तिनं औषधांचं स्टूल मधे ओढलं, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते परत भिंतीला नेऊन लावलं.

पुढचे दिवस पुंजाजींना घरात बसवेना आणि बाहेर पडवेना. किन्हीराजाला फोन लावायची हिंमत झाली नाही. "ये मंग" हे दोन शब्द घशात काट्यासारखे रुतून बसले होते. पाण्याचा घोट घेतला तरी ते टोचायचे. आयुष्यात कधी आरशात न बघता गाडी हलवली नव्हती आणि ही एक गाडी फोटोच्या नादात सोडून दिली होती. पिंकीनं साक्षगंधाचे फोटो दाखवायला आणले, तेव्हा ते डोकं दुखतं म्हणून उठून गेले. बिचारी पोर हिरमुसली. तिला काय माहीत?

अनुपच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेचा, कार्यक्रम आटोपल्यावरच्या शनिवारी बेबीताई दवाखान्यात आली. पुंजाजींनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी दारात ओळखलं. तेच हडकुळे गाल, तशीच मान तिरपी करून बघायची लकब. पांढरं लुगडं, काखेत अनुपची निळी पिशवी. ती आधी सिस्टरच्या टेबलाशी गेली. हॉल लहान. तिथं बोललेलं सगळ्या खाटांना ऐकू येतं.

तिला एकच गोष्ट विचारायची होती. त्या मंगळवारी मशीन बंद होतं का? अनुपनं घरी तसं सांगितलं होतं. मशीन बिघडलंय, उद्या बोलावलंय, असं म्हणून तो दिवसभर घरी राहिला होता. रीता सिस्टर खुर्चीतून उठली. तिनं बेबीताईचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की मशीन चालू होतं मावशी, त्याची खाट मी फार वेळ अडवून ठेवली, तो आला नाही.

बेबीताईनं पिशवी काखेत घट्ट धरली. मग तिनं विचारलं, की यातले पुंजाजी कोणते.

पुंजाजींना पळून जावंसं वाटलं. पण उजव्या हातात दोन सुया होत्या आणि सगळं रक्त मशीनच्या ताब्यात होतं. पळणार कुठं? तिनं तेच औषधांचं स्टूल ओढलं आणि मधल्या बोळात बसली.

"जय भीम, भाऊ. तुमीच काय पुंजाजी?"

"जय भीम. मीच."

"घरी तो तुमचंच सांगे. आबाजी अशी पोरगी चालवते म्हने, का तिचे पाय वाजत नाई."

पुंजाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला एकच हात होता आणि तो उचलायचंही त्यांना भान राहिलं नाही. बेबीताई मात्र रडत नव्हती. तिचं रडणं संपलेलं होतं. ती सांगत राहिली. मंगळवारी संध्याकाळी शेजारून आमरस आला. अनुपनं वाटीभर मागितला. तिनं नको म्हटलं, तर म्हणाला, एक दिवस दे, काही होत नाही. कधी नव्हे तो इतका खुशीत होता, की तिचं मन मोडवेना. तिनं दिला. रात्री श्वास लागला होता, तरी त्यानं तिला उठवलं नाही. पहाटे चहासाठी हाक मारायला गेली, तेव्हा अंग गार पडलेलं होतं.

"मशीन बंद होतं असं तो खोटं बोलला, भाऊ. मंग हसत हसत रस मांगला. मले रातभर एकच येते मनात." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "कटाळला होता का तो? जानून तं नाई केलं त्यानं? तुमाले काई बोलला असन तं सांगा. मी रडत नाई. फक्त सांगा."

मशीनची चक्रं फिरत होती. पुंजाजींना वाटलं, मला काही माहीत नाही, एवढं म्हटलं की सुटलो. कुणाला कळणार होतं? फोनवर काय बोलणं झालं ते ज्याला ठाऊक होतं तो तर गेला. ही बाई उठेल, निघून जाईल आणि मरेपर्यंत समजत राहील, की आपलं लेकरू आपल्या हातचा रस खाऊन जगाला कंटाळून गेलं. आणि आपण नातीच्या लग्नात पुढच्या रांगेत बसू. हे मनात आलं मात्र, त्यांना स्वतःची किळस आली.

"नाई बाई," ते म्हणाले. "कटाळला नोहता. तो माह्यासाठी थांबला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दाराचं, बुधवारचं, जिन्यापाशी आपण काय बोललो त्याचं. फोनपाशी आल्यावरही ते थांबले नाहीत.

"त्यानं मंगळवारी दुपारी मले फोन केला. तवा म्या म्हनाले पायजे होतं, का आजच्या आज वाशिमले जाय. मले मालूम होतं. इथल्या सगळ्याईले मालूम असते. आन मी म्हटलं, ये मंग. फोटोसाठी बोलावलं होतं मले."

बेबीताई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या नजरेखाली पुंजाजींना वाटलं, की आता हिनं मारलं तरी चालेल. तिनं मारलं नाही.

"हा गेम तुमाले कुठं भेटला?" पुंजाजींनी विचारलं. पिशवीतून त्याची कड दिसत होती.

"पिशवीतच होता. फाइल, बाटली न् हा. रातीच भरून ठेवली होती पिशवी. खुंटीले."

"चार्ज होता?"

"लावला होता त्यानं झोपाच्या पहिले."

"मंग? ज्याले जित्तं राहाचं नाई तो पिशवी भरून ठेवते का, बाई? त्याले बुधवारी इथं याचं होतं."

हे ऐकलं आणि संपलं संपलं म्हणत होती ते रडणं बेबीताईच्या पोटातून वर आलं. तोंडावर पदर दाबून, स्टुलावर पुढं-मागं डोलत ती रडली. हॉलमध्ये कुणी तिच्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी छताकडं बघितलं. रीता सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन बाजूला उभी राहिली. त्या हॉलमध्ये भरून आणलेला ग्लास क्वचितच दिसायचा.

बऱ्याच वेळानं बेबीताईनं तोंड पुसलं.

"पोरीचं साक्षगंध झालं का बराबर?"

पुंजाजींना मान वर करवेना. "झालं."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो शब्द पुंजाजींना सहन होईना.

तिनं गेम बाहेर काढला आणि तो दाखवायला सांगितला. सिस्टरनं चालू करून दिला. पडदा उजळला. कंदिलाच्या खोलीत पोरगी उभी होती, होती तिथंच, खांदे वरखाली करत श्वास घेत होती. रेडिओवर ती संथ धून चालू होती. बेबीताईनं पडदा डोळ्यांजवळ नेला.

"एवढीशी हाये हे तं. आन दार?"

"त्या बाजूनं. लाल दिवा दिसते ना, ते."

"काय हाये पल्याड?"

"मालूम नाई. तो म्हने, तिचा भाऊ असन."

बेबीताईनं पडद्यावरून तळवा फिरवला. पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग तिनं डावा तुकडा ओढून बघितला. तो निघेना, तेव्हा सिस्टरनं बारीक खटका दाबून सरकवून दिला. बेबीताईनं तो पुंजाजींच्या तळव्यावर ठेवला आणि त्यांची बोटं स्वतःच्या हातानं त्यावर मिटवली. तिची बोटं खरखरीत होती, शेतातली.

"हे तुमच्यापाशी राहू द्या. बाकीचं माह्यापाशी राहीन. तुमी नोहते तवा त्यानं दार उघडलं नाई. आता तो नाई, तं तुमी बी उघडू नोका."

ती उठली, पिशवी काखेत घेतली, रिकाम्या स्टुलाला पाय लागू नये म्हणून ते बाजूला सरकवलं आणि गेली. तिनं शिक्षा दिली की काही सोपवून गेली, हे पुंजाजींना कळलं नाही. विचारायचा आपल्याला हक्क नाही, एवढं मात्र कळलं.

मंगळवारी ते पुन्हा आले. वजन झालं, खाटेवर पडले. डावीकडं आता कारंज्याकडचा एक माणूस होता. नवा होता, घाबरलेला होता आणि घाबरल्यामुळं फार बोलत होता. पाणी खरंच मोजून प्यावं लागतं का, एखादा दिवस चुकला तर चालतं का, असं तो विचारत होता. पुंजाजींनी मान पूर्ण वळवून, त्याच्या डोळ्यांत बघून त्याला सांगितलं, की चालत नाही. मुलीचं लग्न असलं तरी चालत नाही.

मग रीता सिस्टर सुया घेऊन आली. पुंजाजींनी तिला थांबवलं आणि सदऱ्याच्या खिशातला तुकडा काढून द्यायला सांगितलं. तिनं तो त्यांच्या डाव्या हातात दिला आणि उजव्या हाताला पट्टा बांधला. नव्या माणसानं विचारलं, की बाबा, ते काय आहे? सुई आत गेली. पुंजाजींनी डोळे मिटले, अंगठा बोंडीवर ठेवला आणि ती पुढं रेटली. किंचित. पाय वाजणार नाहीत इतकीच.